सासूबाई हॉलमध्ये का झोपतात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

जुळे सोलापुरात, तीन मजली इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मला सातवा महिना सुरू आहे, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. बाळंतपण सोलापुरातच, मग सव्वा महिना माहेरी अक्कलकोटला आणि पाडव्याच्या सुमारास परत, असं ठरलंय. आमची बेडरूम उत्तरेला आहे. दुसरी पश्चिमेला, दहा बाय दहाची. ती सासूबाईंसाठी ठेवली होती, पण त्या हॉलमधल्या दिवाणावरच झोपतात, त्यामुळे रिकामी असते. तिथे बाळाची खोली करायचं मिस्टरांनी मनावर घेतलंय. जंगलाच्या चित्रांचा वॉलपेपर, चांदण्यांचं पीओपी, कॉट, त्याच रंगाचं कपाट आणि लंगोट बदलायचं टेबल. सव्वा लाख बाजूला काढलेत. सासूबाई म्हणतात, बाळ हातात येईपर्यंत घरात काही आणायचं नाही. माळ्यावर ह्यांचाच लाकडी पाळणा आहे, नाहीतर झोळी बांधू. मला दोघांचंही पटतं आणि कुणालाच नाही म्हणता येत नाही. पाणी चार दिवसांआड येतं, त्याचीही काळजी आहे. आधी काय करू?

उत्तर :

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. स्वतःची खोली असताना सासूबाई हॉलमध्ये का झोपतात? टीव्हीसाठी असेल, किंवा पाणी कधी येतं त्यावर लक्ष ठेवायला असेल. पण सोलापुरात शेवटच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली रिकामी राहते, तेव्हा त्याचं कारण बहुतेक वेळा वर आणि पश्चिमेला असतं. ते डिसेंबरात कळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो, दिवसभर स्लॅब तापतो, दुपारनंतर पश्चिमेची भिंत ऊन खाते, आणि संध्याकाळपासून दोघं मिळून ती धग आत सोडायला लागतात. बाहेर वारा सुटला तरी रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला की ती कोमट लागते. वॉलपेपरवरच्या हत्तीला त्याचं काही नाही. दोन महिन्यांच्या बाळाला मात्र घाम नीट येत नसतो आणि अंगावरचं दुपटं स्वतः बाजूला करता येत नसतं.

म्हणून खोली कशी सजवायची हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि कॅलेंडर उघडू.

बाळानं पहिले सहा महिने तरी आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि कडक अंथरुणावर, पाठीवर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूचा धोका त्यानं कमी होतो. रात्री दर दोन-तीन तासांनी पाजायला उठणाऱ्या आईची पायपीट वाचते, ती वेगळीच. तुमचं बाळ फेब्रुवारीतलं, म्हणजे ऑगस्टपर्यंत त्या पश्चिमेच्या खोलीत ते झोपणारच नाही. आणि पाडव्यापर्यंत तर ते सोलापुरातल्या घरीच नाही. मग फेब्रुवारीच्या आत खोली ‘तयार’ कुणासाठी हवी? पाहुण्यांना दाखवायला हवी असेल तर तसं मोकळेपणानं म्हणावं, त्यात काही वाईट नाही. फक्त तो खर्च बाळाच्या नावावर टाकू नये.

आता सासूबाईंचा पाळणा. कारण वेगळं असलं तरी ह्या बाबतीत त्यांचं ऐकण्यासारखं आहे. पाळणा चार-पाच महिने पुरतो. बाळ कुशीवर वळायला किंवा हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं, की त्या दिवसापासून पाळणा बंद. तुमच्या हिशेबात हे जून-जुलैला येतं. कॉट तेव्हा लागेल, आत्ता नाही. पण माळ्यावरून काढला, पुसला आणि बाळ ठेवलं, असंही करू नका.

आधी रंग. २०१७ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर चालत नाही. हा पाळणा त्याच्या बराच आधीचा, त्यामुळे जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं असंच धरून चाला. तो कोरड्या पॉलिश पेपरनं घासला तर शिशाची धूळ घरभर होते, आणि गरोदर बाईनं तर त्याच्या आसपासही फिरकू नये. सुताराला सांगून तुम्ही माहेरी असताना, घराबाहेर, पाण्यानं ओला ठेवून रंग उतरवून घ्यावा. वर चपडीचं साधं पॉलिश किंवा शिसं नसलेलं पाण्यातलं वार्निश पुरे. भडक रंगाची गरज नाही.

मग मोजमाप. दोन दांड्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असलं तर अंग सरकतं आणि डोकं अडकतं. एखादी दांडी हलत असेल तर खिळा ठोकून भागवू नका, बदलून घ्या. साखळीच्या कड्या उघडलेल्या नाहीत ना, झिजून बारीक झालेल्या नाहीत ना, हे बघा. पाळणा टांगला की मोकळ्या पाळण्यात एक चेंडू ठेवा. तो कोपऱ्यात घरंगळला तर एक साखळी लांब आहे, आणि बाळसुद्धा तसंच एका कडेला घरंगळून नाक लाकडाला लावून झोपेल. शेवटी पंधरा किलो ज्वारीचं पोतं त्यात रात्रभर ठेवून सकाळी हूक, कड्या आणि सांधे पुन्हा तपासा. पंख्याच्या हुकाला पाळणा किंवा झोळी कधीही टांगायची नाही. तो हूक हेलकाव्यांसाठी केलेला नसतो. भाड्याचं घर असेल किंवा छताला भोक पाडायचं नसेल, तर लोखंडी स्टँड घ्या, आणि बाळ झोपल्यावर हेलकावा थांबवून खुंटी लावता येईल असाच बघा.

गादी नवीन हवी. जुनी कापसाची गादी मध्ये खोलगट झालेली असते. गादीवाल्याकडून पाळण्याच्या आतल्या मापाची, दोन इंच जाडीची, दाबून भरलेली करून घ्या. चारी बाजूंनी गादी आणि लाकूड यांच्या फटीत दोन बोटांपेक्षा जास्त जाता कामा नये. वर एक चादर, ताणून खाली खोचलेली. बस्स. उशी, लोड, कडेनं लावायच्या मऊ पट्ट्या, बाहुल्या यांतलं काही पाळण्यात नको. डोकं गोल यावं म्हणून मोहरीची उशी करून देणारी एक तरी आत्या किंवा मावशी असतेच. तिला दुखवू नका, उशी घ्या आणि कपाटात ठेवा. बाळ जागं असताना थोडा वेळ पोटावर ठेवलं आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलत राहिलं, की डोकं बहुतेक वेळा आपसूक गोल होतं.

माळ्यावरून पाळण्याबरोबर जुनी दुपटी, कुंच्या, झबलीही निघतील, आणि त्यात डांबराच्या गोळ्या असतील. हे मात्र गांभीर्यानं घ्या. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आणि ते जन्मताच माहीत असेलच असं नाही. अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी या गोळ्यांच्या वासानंसुद्धा फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. ते कपडे दोन-तीनदा धुऊन, चार-पाच दिवस कडक उन्हात टाकून, वास पूर्ण गेला तरच वापरा. नाहीतर टाकून द्या.

झोळीबद्दल मी इतकी उदार नाही. साडीच्या झोळीत बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि त्या वयात श्वासनलिका तेवढ्यानंही दबते. दुपारी कुणीतरी जागं माणूस शेजारी बसलेलं असताना, तोंड उघडं दिसत असताना, अर्धा तास ठीक. मध्ये आडवी काठी घालून कापड पसरवा, हनुवटीखाली दोन बोटं जायला हवीत, झोळी जमिनीपासून दीड फुटावर आणि खाली गोधडी. रात्रभराची झोप झोळीत नको. आणि मोठी भावंडं असलेल्या घरांत झोळी वापर झाली की लगेच सोडून ठेवावी. मुलं तिला पीळ देऊन खेळतात आणि गळा अडकतो.

हे झालं बाळाच्या अंथरुणाचं. सव्वा लाखातले यात किती गेले? फारसे नाहीत. आता पैसा जिथे खरा लागतो तिथे, म्हणजे उन्हाकडे येऊ.

क्रम असा की आधी ऊन घराबाहेर अडवायचं, मग आत गारवा करायचा. गच्चीवर सोसायटीची परवानगी काढून निदान तुमच्या दोन बेडरूमवरच्या भागाला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. नाहीतर चुन्याचे दोन हात. आधी भेगा भरून, धूळ झाडून. चुना पावसात धुपतो, तो दर शिमग्याला नव्यानं द्यावा लागतो. रंग जास्त टिकतो. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन मग अडतं, तेव्हा उष्णता घरात आलेलीच असते. म्हणून बाहेरच्या बाजूनं, ग्रिलला बांबूची चटई किंवा शेडनेट, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. मिस्टरांना हौस आहे ना? मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही माहेरी असाल, तेव्हा त्यांना दोन साधे थर्मामीटर आणायला सांगा. एक उत्तरेच्या खोलीत, एक पश्चिमेच्या. दुपारी तीन, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा असे आठ दिवसांचे आकडे वहीत लिहायचे. बाळ कुठे झोपेल हे त्या वहीवरून ठरवा. तुमचं-माझं मत त्यापुढे गौण.

कूलर की एसी? सोलापूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलर इथे उत्तम चालतो, मुंबईसारखा फसत नाही. पण समोरची खिडकी किंवा दार उघडं लागतं. बंद खोलीत लावला की तासाभरात चिकचिक होते, कपड्यांना आणि भिंतीला बुरशीचा वास येतो. पाऊस सुरू झाला की तो निरुपयोगी. आणि तो पाणी पितो. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात, त्यातच बाळाची धुणी असताना, रोज कूलर भरायचा का, हा हिशेब तुम्हीच मांडा. मला विचाराल तर ह्या घरासाठी एसीकडे कल आहे. स्लॅबखालच्या खोलीला खालच्या मजल्याच्या हिशेबानं एक टनाचा घेतला तर तो मे महिन्यात थांबायचं नावच घेत नाही. दीड टनाचा बघा. २६ अंशांवर ठेवा, पंखा हळू, हवेचा झोत पाळण्यावर थेट नको. बाळ गरम की गार हे हातापायांवरून बघू नका, ते गारच लागतात. मानेच्या मागे बोटं लावून बघा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. बाळ वेळेआधी जन्मलं किंवा वजनानं फार लहान असलं, तर तापमानाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उन्हाळा आहे म्हणून वरचं पाणी मात्र सहा महिने पाजायचं नाही, अंगावरच्या दुधात ते असतं. वीज जाते त्या वेळेसाठी उत्तरेच्या खोलीतला पंखा आणि एक मंद दिवा इन्व्हर्टरवर घेऊन ठेवा.

पाण्याचा दुसरा त्रास डासांचा. पिंप, बादल्या, कूलरची टाकी यांत डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही; आठवड्यातून एकदा कडा काथ्यानं घासाव्या लागतात. पिंपाला झाकण बसत नसेल तर जुनी सुती साडी ताणून बांधा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा पाळण्यावरची मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही हवी. कॉइलचा धूर बाळाच्या खोलीत नको. खिडक्यांना जाळी हे ह्या घरातलं सगळ्यात कमी कौतुकाचं आणि सगळ्यात उपयोगाचं काम आहे.

धुण्याचं सांगायचं तर उन्हाळ्यात चोवीस सुती लंगोट पुरतात, कारण एप्रिलच्या उन्हात ते बघता बघता वाळतात. जुलैत छत्तीस लागतील. रात्री आणि बाहेर जाताना डायपर, दिवसा लंगोट, असं ठेवलं तर पाणी आणि पैसे दोन्ही आवाक्यात राहतात. अंग पुसायला आपल्याच सोलापुरी टर्किश टॉवेलसारखं काही नाही. सुती बघून मध्यम जाडीचे सहा घ्या, तीनदा धुऊन मग वापरा, नव्या टॉवेलचे तंतू बाळाच्या मुठीत येतात. सोलापुरी चादर मात्र बाळाच्या अंगावर घालू नका. भौगोलिक मानांकन मिळालेली असली तरी ती जड आहे. चौथ्या महिन्यापासून जमिनीवर दुहेरी अंथरून खेळायला सोडायला तिच्याइतकी चांगली बैठक नाही.

लंगोट बदलायच्या टेबलाऐवजी तुमच्यासाठी एक खुर्ची घ्या. हातांची, सरळ पाठीची, बैठक जमिनीपासून १७-१८ इंचांवर, म्हणजे पाय पूर्ण टेकतात. दिवसातून आठ-दहा वेळा पाजायचं असतं, आणि सिझेरियन झालं तर जमिनीवरून उठणं कितीतरी आठवडे जड जातं. कोपराखाली उशी, पायाखाली पाट. झुलती खुर्ची दिसायला छान, पण टाके असताना तिच्यातून उठून बघा! लंगोट पलंगावर मेणकापड आणि दुपटं घालून बदलता येतात, एक हात कायम बाळावर ठेवून. टेबलावरून बाळं पडतात ती आई पावडरच्या डब्याकडे वळते तेव्हा.

माहेरी एकच गोष्ट आधी बोलून ठेवा. शेक-शेगडी आणि धुरी. बंद खोलीत पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि त्याला वास नसतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं, कापडात गुंडाळून, आणि तो तुम्हाला, बाळाला नाही.

राहिली पश्चिमेची खोली. तिला फक्त साधा, कमी वासाचा, पाण्यात मिसळायचा रंग द्या, तुम्ही माहेरी गेल्यावर. पाडव्यापर्यंत खिडक्या उघड्या राहिल्या की वास पूर्ण जाईल. वॉलपेपर नको. आपल्याकडे पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो, झोडपा त्याच भिंतीला बसतो, ओल आली की कागदामागे बुरशी धरते आणि कागद फुगेपर्यंत कळत नाही. चांदण्यांच्या पीओपीचं म्हणाल, तर नवजात बाळाला वीतभर अंतरापलीकडचं स्पष्ट दिसत नाही. त्याला आईचा चेहरा आणि पाळण्यावरचं चिमणाळं पुरतं, तेही बाळ हात उंचावून ओढायला लागेपर्यंतच, मग काढायचं.

मिस्टरांशी बोलताना ‘तुमचं चुकलं’ असं बोलू नका. हौस चुकीची नाही, तारीख चुकली आहे. जूनच्या शेवटी कॉट आणायची आहे, तेव्हा त्यांनी हौसेनं आणावी. दांड्यांत तेच ६ सेंटीमीटर, बाजू खाली सरकणारी नको, तळ दोन उंचींवर बसवता येणारा, गादी १२० बाय ६० सेंटीमीटरची, काथ्याची, चार इंची. बाळ बसायला लागलं की तळ खालच्या उंचीवर. कपाट घेतलं तर ते एल-पट्टीनं भिंतीला जखडायचं, कारण वर्षाचं मूल ड्रॉवरचा जिना करतं. खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघून घ्या. आणि चाकांचा गोल वॉकर कुणी भेट दिला तर परत करा. मूल त्यात बसून सेकंदात जिन्यापर्यंत पोचतं. वर्षाचं झाल्यावर पांगुळगाडा द्या, त्यात ते स्वतःच्या पायावर उभं असतं.

सासूबाईंच्या ‘आधी काही आणायचं नाही’ला ह्या यादीत धक्का लागत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. गच्चीचा रंग, जाळी, एसी, खुर्ची हे सगळं घराचं काम आहे. लंगोट-टॉवेल बारशाच्या आत कुणीही आणून देईल. पाळणा तर त्यांचाच.

मात्र यादी करायच्या आधी त्यांना एक विचारा. गच्ची पांढरी झाली, भिंतीला सावली आली आणि ती खोली रात्री झोपण्याजोगी झाली, तर त्यांना तिथे झोपायचंय का? मुळात ती त्यांच्यासाठी ठेवलेली खोली आहे, आणि तुमच्या पत्रात हे त्यांना कुणी विचारल्याचं दिसलं नाही. त्या हो म्हणाल्या, तर कॉट तुमच्याच खोलीत येईल. तेव्हा माहेरी जाण्याआधी तुमच्या पलंगाच्या कडेला १३० बाय ७० सेंटीमीटर जागा निघते का, आणि तेवढी अडवूनही कपाटाचं दार उघडतं का, हे टेप लावून बघून ठेवा.